नवाथे चौकातून येणारा आवाज

शनिवारी दिवेलागण झाली की आई कणिक मळून ठेवायची, पण पोळी लाटायला घ्यायची नाही. हात परातीत आणि कान रस्त्याकडे. बडनेरा रोडवर तेव्हाही वर्दळ असायचीच. कापसाचे ट्रक, लुना, तीनचाकी, एसटी. त्या सगळ्या गलक्यातून एक आवाज वेगळा निघायचा. नवाथे चौकात तो एकदा खाली बसायचा, गिअर उतरायचा, आणि पुन्हा उसळी घेऊन राजापेठेकडे यायचा. आई म्हणायची, "आला." पहिली पोळी तव्यावर पडायची. दादा गाडी अंगणात लावून, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती पोळी फुगलेली असायची. सात वर्षांत आईचा हिशेब एकदाही चुकला नाही.

ती गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. १९९१ च्या दसऱ्याला घेतलेली, काळ्या रंगाची, एमएच २७ च्या सुरुवातीच्या नंबरांपैकी एक. बाबांनी कापसाच्या दोन हंगामांचे चुकारे जोडून ती घेतली. दादाला अकोल्याला नोकरी लागली होती. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचं, शनिवारी अमरावतीला यायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असं ठरलं. अंतर शंभर किलोमीटरला थोडं कमी. बडनेरा, लोणी, कुरुम, माना, मूर्तिजापूर, कुरणखेडला काटेपूर्णेचा पूल, मग बोरगाव मंजू. ही नावं मी भूगोलात नंतर शिकलो. आधी ती दादाच्या तोंडून पाठ झाली होती.

जुनी स्पोर्ट्‌स कार सरस की नवी, असा वाद मोठ्या शहरांतली हौशी माणसं घालतात. वऱ्हाडात आम्ही स्पोर्ट्‌स कार कधी पाहिलीच नव्हती. जिनिंगवाल्या शेटजींच्या दारात अॅम्बेसेडर, डॉक्टरांकडे फियाट, आणि बाकी गाव सायकलवर. वेग नावाची गोष्ट आमच्या पिढीला पहिल्यांदा दाखवली ती या एकशेतीन किलोच्या गाडीनं. म्हणून आमच्यासाठी तीच ती जुनी स्पोर्ट्‌स कार. आज तिच्या शेजारी, त्याच अंगणात, पुतण्याची नवी यामाहा आर१५ उभी असते. दोघींमध्ये एका माणसाचं अंतर आहे. तो माणूस दादा.

आरएक्सकडे नुसतं पाहिलं तर ती साधीच वाटते. सरळ बसकण, बारीक टायर, गोल दिवा, एकच सिलिंडर. पण किक मारली की अंगणाची हवा बदलायची. मोकळ्यावर उभी असताना तिचा आवाज पितळेच्या गुंडावर बोटाच्या पेरानं ठोकावं तसा यायचा, टण् टण् टण्, मध्ये जरा अडखळून. आणि मूठ पिळली की सगळे ठोके एकमेकांत मिसळून एक ताणलेली तार व्हायची. मागे बसलेल्याला पहिल्या गिअरलाच कळायचं की पुढच्याच्या सदऱ्याला धरायला हवं. आमच्याकडे त्याला एकच शब्द होता, पिकअप. हा शब्द वऱ्हाडातल्या पोरांनी जितक्या आदरानं उच्चारला तितक्या आदरानं फार थोडे शब्द उच्चारले असतील.

१९८५ साली एस्कॉर्ट्‌स कंपनीनं यामाहाच्या सहकार्यानं ही गाडी भारतात आणली. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. एका लिटरमध्ये ऐंशी किलोमीटरचा भरवसा देणारी ती गाडी मास्तरांनी आणि बँकेतल्या कारकुनांनी घेतली, आणि शहाणपणच केलं. आरएक्स पस्तीस-चाळीसच्या पुढे जायची नाही. बाबांना ते ठाऊक होतं. पण दुकानात दादा कुठल्या गाडीजवळ घोटाळत होता हे त्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन ते आईला एवढंच म्हणाले, "पोट्ट्याचं मन त्या काळ्या गाडीत हाये. घेऊन टाकू." माझ्या आठवणीत बाबांनी आयुष्यात हिशेबाबाहेर केलेला तो एकच खर्च.

तिचा डॉक्टर होता इतवाऱ्यातल्या एका गल्लीत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लाकडी फळी, दोन पान्हे, एक ब्रश, पेट्रोलची वाटी आणि भिंतीवर मक्केची तसबीर. चाचा गाडी आली की आधी काही उघडायचे नाहीत. डोळे मिटून उभे राहायचे. "पहले सुन. खोलने को तो कोई भी खोलता." मग कधी म्हणायचे प्लग काळा झालाय, कधी म्हणायचे रिंग घासल्या. आणि उघडल्यावर तेच निघायचं. मी बारावीत होतो तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरांना एक वेड लागलं होतं. सायलेन्सरची आतली नळी काढून टाकायची म्हणजे आवाज दणक्यात होतो. मीही दादाच्या मागे लागलो. चाचांनी नकार दिला. "आवाज बढेगा, जान कम होगी." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच भीती घालतो.

त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा गल्लीतली ती फळीही राहिली नव्हती.

टू-स्ट्रोक इंजिनाला चार-स्ट्रोकसारखे उघड-झाप करणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली गेला की जळलेला वायू एका खिडकीनं बाहेर पडतो आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण दुसरीतून आत येतं, जवळजवळ एकाच वेळी. त्यामुळे थोडं ताजं मिश्रणही न जळताच बाहेर निसटतं. याच निसटण्यानं या इंजिनांचा पुढे जीव घेतला. पण पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या इंजिनिअरनं पन्नाशीच्या दशकात या निसटण्यावर एक उपाय शोधला. सायलेन्सरची नळी आधी फुगत जाणारी आणि पुढे निमुळती होत जाणारी केली, की स्फोटाची लाट, म्हणजे जो आवाज बाहेर धावतो, तो निमुळत्या भिंतीवर आपटून परत फिरतो. परत येताना तो निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो आणि तेवढ्यात खिडकी मिटते. म्हणजे आवाज बाहेर जाऊन परत येतो आणि काम करतो. १९६१ साली काडेनचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ही विद्या घेऊन जपानला गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर जगज्जेता झाला. जपानी टू-स्ट्रोकची घोडदौड तिथून सुरू झाली. यामाहाचं नातं तर याहून जुनं. तिची १९५५ सालची पहिली मोटारसायकल जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून बेतलेली होती आणि ती डीकेडब्ल्यू ज्या चोपाऊ गावात बनायची, त्याच गावात पुढे काडेननं आपल्या नळ्या घडवल्या.

चोपाऊच्या एका कारखान्यात कोणीतरी आवाजाला परत फिरायला शिकवलं, आणि तो आवाज फिरत फिरत नवाथे चौकापर्यंत आला. हे मला चाचांना सांगायचं होतं. आरएक्सच्या सायलेन्सरमध्ये त्या विद्येचं साधं, रस्त्यावरचं रूप होतं. ते रूप त्यांना कानानं माहीत होतं.

गेल्या दसऱ्याला दोन्ही गाड्या धुऊन अंगणात उभ्या केल्या. झेंडूच्या माळा सारख्या लांबीच्या, वहिनींनी मोजून केलेल्या. हळदकुंकू, नारळ, आपट्याची पानं. पुतण्या मोबाइलवर दोघींचे आकडे काढून मला वाचून दाखवत होता. आरएक्स अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, चार गिअर. आर१५ एकशे पंचावन्न सीसी, अठरा पूर्णांक चार अश्वशक्ती, सहा गिअर, इंजिनाभोवती पाणी खेळणारं, पेट्रोल मोजून सोडणारा संगणक, वजन एकशे चाळीसच्या पुढे. मग त्यानं स्वतःच एक भागाकार केला आणि थांबला. "काका, शंभर सीसीमागे हिची अकराच्या वर जाते, माझीची बाराच्या आत. म्हणजे जवळजवळ सारखीच न!" मी म्हटलं, हो. तुझी दहा हजार फेऱ्यांना जे काढते, ते ही साडेसात हजारांतच काढायची. टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला पेटते, चार-स्ट्रोक एक फेरी सोडून. तो बराच वेळ आरएक्सच्या सिलिंडरच्या पंखांवरून बोट फिरवत राहिला.

पण आकड्यांची बरोबरी तिथंच संपते, आणि ती तिथं संपते हेही सांगायला हवं. मी आर१५ अकोल्यापर्यंत चालवली आहे. ऐंशीच्या वेगाला ती इतकी शांत असते की रस्त्याकडेच्या पळाटीत कोण बोलतंय ते ऐकू येईलसं वाटतं. वळणात ती वाकते आणि वाकलेली राहते, मनात शंका येत नाही. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरायला लागलं तर आपल्या आधी तिला कळतं. धूर नाही, वास नाही. आरएक्सच्या मागे चालणाऱ्याच्या कपड्यांना तेलाचा वास लागायचा. शहरात अशा लाखो गाड्या झाल्या आणि दिल्ली-मुंबईची हवा गढूळ झाली, तेव्हा सरकारनं १९९१ पासून धुराचे नियम आणले आणि १९९६ मध्ये ते आवळले. त्याच वर्षी आरएक्स १०० बनायची बंद झाली. २००० साली नियम आणखी कडक झाले आणि मग बाकीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीही एकेक करून गेल्या. येझदी तर आधीच गेली होती, मग राजदूतही गेली. शर्यतीच्या जगात २००२ पासून मोठ्या वर्गात चार-स्ट्रोक आल्या आणि तिथंही तो आवाज मावळला. मला याचं दुःख आहे, पण हे चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलांच्या छातीत जाणारा धूर थांबलाच पाहिजे होता.

जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नावानं परत आल्या, इंजिनं मात्र नवी, चार-स्ट्रोक. आरएक्स १०० हे नाव मात्र यामाहानं आजवर दुसऱ्या गाडीला दिलेलं नाही. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. काही नावं रिकामी ठेवण्यातच त्यांचा मान असतो. आमच्या घरात दादाचं नाव आम्ही कोणाला ठेवलेलं नाही.

दादाच्या वेळचा रस्ता डोळ्यांसमोर आणतो तेव्हा आधी झाडं दिसतात. दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि बाभळी, उन्हाळ्यात त्यांच्या सावल्यांच्या पट्ट्या रस्त्यावर पडलेल्या, आणि त्या पट्ट्यांतून आरएक्स धावायची तेव्हा हँडलवरचे हात क्षणात उजळ, क्षणात काळे. रस्ता एकेरी, समोरून ट्रक आला की एक चाक मुरमावर. मूर्तिजापूरला रेल्वेच्या पुढे दोन-दोन कप चहा. तिथून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी नॅरोगेज शकुंतला तेव्हा होती. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ओढायचं. दादानं मला एकदा मुद्दाम तिथं नेऊन ते दाखवलं होतं. इंजिन पाणी पीत उभं होतं. दादा म्हणाला, "हे बी बोलते पाय. पन हळू बोलते." मी तेव्हा कॉलेजात नुकताच गेलो होतो. दादाचं प्रत्येक वाक्य मी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

आता तो रस्ता चौपदरी आहे. २०२२ च्या जूनमध्ये तर तो जगाच्या नोंदीत गेला. लोणी ते माना या पट्ट्यात ३ जूनच्या सकाळी डांबरीकरण सुरू झालं आणि १०५ तास ३३ मिनिटं न थांबता चाललं. पंचाहत्तर किलोमीटर एकेरी लेन, म्हणजे दुपदरी रस्ता धरला तर साडेसदतीस किलोमीटर. ७२० माणसं रात्रंदिवस पाळ्या करून राबली. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला. वर्तमानपत्रात ते फोटो आले, मोठे दिवे लावून रात्री चाललेलं काम, वाफाळतं काळं डांबर, रोलरांची रांग. सगळं घर ते फोटो कौतुकानं पाहत होतं. मी मात्र त्यात कुरुम शोधत होतो. लोणी आणि माना यांच्या मध्ये कुरुम आहे. तिथं इतके दिवे मी त्याआधी एकाही रात्री पाहिले नव्हते.

१९९९ चा जानेवारी. संक्रांत गुरुवारी झाली होती आणि दादाला रजा मिळाली नव्हती. पुतण्या सात महिन्यांचा. त्याची पहिली संक्रांत, म्हणून बोरन्हाण रविवारी करायचं ठरलं होतं. आईनं काळ्या कापडाचं झबलं शिवलं, वहिनींनी हलव्याचे दागिने केले. दादा शनिवारी अकोल्याहून बोरं घेऊन निघाला. कुरुमजवळ अंधारात एक ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावरच थांबलेली होती, कापसानं भरलेली, ट्रॅक्टर नादुरुस्त. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, परावर्तक नव्हता, फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. पंचनाम्यात लिहिलं होतं की गाडीचे ब्रेक ठीक होते. रस्त्यावर घासलेल्या टायरची रेघ होती. म्हणजे दादानं पाहिलं होतं, ब्रेक दाबला होता, चाक जाम झालं होतं आणि जाम झालेलं चाक घसरत गेलं होतं. गाडीचा दोष नव्हता. त्या काळी आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक सगळ्या मोटारसायकलींना असेच ड्रम ब्रेक असत, आणि कोणाचंही चाक असंच जाम झालं असतं.

आईनं त्या रात्री साडेनऊपर्यंत कणिक झाकून ठेवली होती.

सकाळी मी त्या जागी गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला बोरं पसरलेली होती. काही चाकांखाली चिरडलेली, काही तशीच टपोरी, दवानं ओली. दोन शाळकरी मुलं ती वेचत होती. मी त्यांना अडवलं नाही.

आज मला एक गोष्ट माहीत आहे आणि ती माहीत असणं सोपं नाही. चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, ज्याला एबीएस म्हणतात, तो जगात तेव्हा होता. मोटारींना १९७८ पासून, आणि १९८८ पासून बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकललाही. चाकाजवळ दातेरी कडं असतं, त्याचे दात मोजणारा डोळा असतो. चाक थांबायच्या बेतात आलं की ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं, म्हणून गाडी वळवता येते. दादा गेला तेव्हा ही युक्ती मोटारसायकलवर येऊन दहा वर्षं उलटली होती. ती आपल्याकडे सक्तीची झाली २०१९ च्या एप्रिलपासून, सव्वाशे सीसीच्या वरच्या दुचाकींना. मधली वीस वर्षं किती घरांत कणिक झाकून ठेवली गेली असेल, याचा विचार मनात आला की मी नव्या गाडीविरुद्ध एक शब्दही ऐकून घेत नाही.

आरएक्स पोलिसांकडून परत आली तेव्हा तिचा पुढचा फोर्क वाकलेला होता. बाबा म्हणाले विकून टाक. वहिनी म्हणाल्या नाही. चाचांनी ती आपल्या गल्लीत नेली आणि दोन महिने ठेवली. फोर्क सरळ केला, चाक नवं टाकलं, पैसे घेतले नाहीत. गाडी परत देताना मला म्हणाले, "घर में मत चालू करना. अम्मी सुनेगी." मी तसंच केलं. आई होती तोवर आमच्या अंगणात ती गाडी कधीच सुरू झाली नाही. मी ती ढकलत नवाथे चौकाच्या पुढे नेई आणि मगच किक मारी. दुसऱ्या कोणाची आरएक्स घरासमोरून गेली की आई नळ सोडायची. भांडं भरून वाहिलं तरी आवाज दूर जाईपर्यंत ती नळ बंद करायची नाही. तिनं याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. २०१६ साली आई गेली.

त्यानंतर एका रविवारी पुतण्या म्हणाला, "काका, आता इथं सुरू करून पाहू न." तो अठरा वर्षांचा झाला होता. दादाचे फोटो घरात आहेत, लग्नाचा अल्बम आहे, एक शर्ट वहिनींनी ठेवला आहे. पण दादाचा आवाज कुठेही नाही. तेव्हा कोणाकडे व्हिडिओ कॅमेरा नव्हता, कॅसेटवर भरून ठेवावं असं कोणाला सुचलं नाही. पुतण्यानं वडिलांना कधी ऐकलेलं नाही. मी किक मारली. तिसऱ्या किकला ती पेटली. टण् टण् टण्, मध्ये जरा अडखळून. पोरगं अंगणाच्या फरशीवर खाली बसलं आणि चाचा उभे राहायचे तसे त्यानं डोळे मिटले. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. वहिनी दारात आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी मूठ पिळली नाही, तशीच मोकळ्यावर चालू दिली. पेट्रोल संपेपर्यंत कोणी बंद कर म्हणालं नाही.

२०२२ मध्ये त्यालाही अकोल्याला नोकरी लागली. तोच रस्ता. आता बस आहेत, गाड्या आहेत, तरी त्याला दुचाकीच हवी होती आणि त्याची इच्छा होती की आरएक्सच न्यावी. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्पष्ट नाही म्हणालो. आरएक्स मला प्राणापलीकडे प्रिय आहे, पण त्या रस्त्यावर दर आठवड्याला मी तिला तुझ्या हाती देणार नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, जे काही घ्याल ते थांबलं पाहिजे. पळण्याचं मी विचारत नाही." आम्ही दोन्ही चाकांना एबीएस असलेली आर१५ घेतली. ताबा घेताना दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत वाळू पसरलेली होती. मी पुतण्याला सांगितलं, तिथं चाळीसच्या वेगानं ये आणि दोन्ही ब्रेक घट्ट दाब. गाडी थरथरली, लिव्हर हाताखाली खडखडला, आणि ती सरळ थांबली. पुन्हा दाबायला लावला. पुन्हा थांबली. दुकानातली माणसं पाहत होती. मी हेल्मेट हातात घेऊन रडत होतो.

मला विचाराल तर माझं मत हे आहे. नवी गाडी चांगली आहे. प्रत्येक मोजमापानं चांगली आहे, आणि जी मोजमापं जिवाशी लागून आहेत त्यांत तर जुनीनं तिच्याजवळही येऊ नये. जुन्या आरएक्सला आज लोक लाखाच्या वर पैसे मागतात, पोरं ती घेऊन हायवेवर जातात. त्यांना मी हात जोडून सांगतो, गावात चालवा, दसऱ्याला पूजा करा, मुलांना तिचा आवाज ऐकवा, रात्रीच्या हायवेवर नेऊ नका. आणि तरीही, पुतण्या शनिवारी अकोल्याहून येतो तेव्हा वहिनींना ते आवाजावरून कळत नाही. मोबाइलच्या नकाशावर त्याचा निळा ठिपका लोणी ओलांडतो, बडनेरा ओलांडतो. ठिपका नवाथे चौकात आला की त्या गॅस पेटवतात. ठिपका कधी चुकत नाही. त्या ठिपक्याचे माझ्यावर उपकार आहेत. पण ठिपका पाहणाऱ्या वहिनींच्या चेहऱ्यावर, परात पुढ्यात घेऊन ऐकत बसलेल्या आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मला दिसत नाही, आणि ते काय होतं ते सांगायला आई नाही.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं कुरुमला जातो. भर दुपारी जातो. त्या दिवशी आरएक्स मी चालवतो, पन्नासच्या वर जात नाही, आणि पुतण्या आर१५ घेऊन माझ्या मागे राहतो. पिशवीत बोरं असतात, ती रस्त्याकडेच्या पोरांना वाटतो. दुसऱ्या पिशवीत लाल रेडियमचं बंडल आणि कात्री. कापूस घेऊन जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या चहाच्या टपरीवर थांबतात. आम्ही शेतकऱ्याला विचारतो, ट्रॉलीच्या मागची पाटी फडक्यानं पुसतो आणि पट्टी चिकटवतो. आजवर कोणी नको म्हणालेलं नाही. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "बाप्पा, कायले तरास घेता?" मग त्यांनी स्वतःच पट्टीचं दुसरं टोक धरलं.

तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर आज ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा पाहा. रेडियम नसेल तर लावून घ्या. दोन्ही कोपऱ्यांना लावा, लाल लावा, आणि भरलेला कापूस खाली लोंबला तरी झाकलं जाणार नाही अशा जागी लावा. गावातल्या नंबरप्लेटच्या दुकानात मिळतं.